जवसाचं पोटीस

पिंपळगाव रेणुकाई

प्रिय अक्का,

सडा टाकून झाला होता, चुलीवर अंबाडीची भाजी शिजत होती, आणि तुम्ही मला न्हाणीतून हाक मारलीत. पदर सारून म्हणालात, "सगुणे, बघ बरं, हे काय उठलंय?" छातीवर बोराएवढी गाठ.

"गळू असंल. पिकवून काढू," मी म्हणाले. किती सहज म्हणाले!

आज सकाळी तुमच्या शेवंतेनं मला त्याच न्हाणीत बोलावलं. माहेरपणाला आलीय. गाठ त्याच जागी. म्हणून लिहायला बसले.

आठ दिवस मी तुम्हाला ऊन ऊन जवसाचं पोटीस बांधलं. कातडी लाल झाली तेव्हा आपण दोघी खूष! "पिकून राह्यलं बघ, जल्दी फुटंल." फुटलं नाही. काखेत दुसरी गाठ आली, मग गळ्याशी तिसरी. "लेकुरवाळी निघाली गं ही!" म्हणून तुम्ही हसलात. मला हसू आलं नाही.

दवाखान्याचं नाव काढलं की, "परक्यापुढं पदर काढू व्हय? रेणुकाई बघंल." का ऐकलं मी तुमचं?

आमचे हे गेल्यावर मी एकटीच अक्षरं जुळवत वाचायला शिकले, तेव्हा तुम्ही चिडवायचात, "वाचून वकील होणार का?" तुम्हीही गेलात, त्यानंतर शाळेच्या मास्तरांच्या एका मासिकात वाचलं: रक्तात पांढऱ्या पेशी असतात, जखमेकडे राखणदारासारख्या धावतात, लढून मरतात, त्यांचाच पू होतो. मग तुमचे राखणदार आलेच नाहीत का?

नातवाला लस टोचायला जालन्याला गेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आले असतील. अशा गाठीत त्या पेशी गर्दी करून असतात. काही तिला मारत असतील, काही तिला पोसत, पुढं वाटही करून देत असतील. आम्हालाच अजून नीट कळलेलं नाही."

"अन् पोटिसानं पसरलं का हो?"

"तसं मी म्हणणार नाही. पण वेळ गेला, बाई."

राखणदारच वाट दाखवत असतील, तर माणसानं कुणाच्या भरवशावर निजावं? आता साधा फोड लाल झाला तरी मी दचकते.

आणि शेवंता काय म्हणाली सांगू? "काकू, जवस भिजत घातलंय. आईला बांधायच्या तसंच बांधा."

अक्का, तिची काख मी चाचपली नाही. हात पुढं गेलाच नाही. पण तुमचं ऐकलं तसं तिचं ऐकणार नाही, हा माझा शब्द.

तुमची धाकटी जाऊ,
सगुणा

ता. क. दुसऱ्या दिवशी भिजलेलं जवस गाईपुढं ओतलं. शेवंतेला बैलगाडीनं भोकरदनला आणि तिथून मोटारीनं जालन्याला नेलं.