डेलची रायफल

शुक्रवार, ऑक्टोबर २००६, बेलव्ह्यू

आज ऑफिसातल्या डेलकडे अस्वलाच्या शिकारीची ट्रिप ठरवायला गेलो. मी मॅप पसरला, तर त्याने रायफलच पुढे केली. "किड, थोडे दिवस तुझ्याकडे ठेव."

मी लगेच रूल सांगितला. व्हिसावाल्याला लायसन्सशिवाय गन ठेवता येत नाही. एरवी गन कंट्रोल म्हटलं की भडकणारा डेल हसला. "चांगला रूल आहे. मलाही लावायला हवा."

मीही हसलो, यार!

परत ड्राइव्ह करताना त्याचं ते हसणं डोक्यातून जाईना. बायको गेल्यापासून एकटाच असतो. शिकारीच्या ऐन सीझनमध्ये रायफल घरात नको, असं तो का म्हणेल? गाडी वळवली.

आता त्याच्याच सोफ्यावर लिहितोय. आत तो रडतोय. रायफल गन सेफमध्ये बंद करून किल्ली त्याने न मागता दिली. ती अजून मुठीतच आहे.