लेकीसाठी मदरबोर्ड

३ जानेवारी
लेकीचं आर्किटेक्चरचं शेवटचं वर्ष. मार्चअखेर प्रोजेक्ट द्यायचाय. तिच्या जुन्या लॅपटॉपवर एक जिना उघडेपर्यंत आपला चहा पिऊन होतो. आज जाहीर केलं, नवा कॉम्प्युटर मी स्वतः जोडणार. वर्गात सांगेल तरी, बाबांनी केलाय म्हणून! बायको म्हणाली, तयार आणा. म्हटलं, तयार आणायला अक्कल लागत नाही. भाजी चिरायला निघून गेली. म्हणजे पटलं.

६ जानेवारी
आधी प्रोसेसर ठरवायचा की मदरबोर्ड? तज्ज्ञांत एकमत नाही. ऑफिसात दिवसभर व्हिडिओ पाहिले. डोळ्यांची आग. साहेबांनी विचारलं, काय चाललंय. तुलनात्मक अभ्यास, म्हणालो. खोटं नाही.

११ जानेवारी
मेहुणा आला होता. त्याने दुकानातून तयार कॉम्प्युटर उचलला, संध्याकाळी चालूसुद्धा केला. प्रोसेसर कुठला विचारलं, तर म्हणाला, काळा. कीव आली.

१९ जानेवारी
सेलमध्ये मदरबोर्ड घेतला! निळे दिवे लागतात. लेक म्हणाली, आता चालू होईल? अगं, यावर प्रोसेसर बसायचाय अजून. मग तोही आणा, म्हणाली. या पिढीला धीरच नाही.

४ फेब्रुवारी
प्रोसेसर ठरला. पण पुढच्या महिन्यात त्याची नवी आवृत्ती येतेय. मग आज शिळा कशाला घ्या? थांबतो. बायको म्हणाली, घर घेतानाही असेच थांबला होतात. हे भाड्याच्या घरात बसून म्हणाली. विषय कुठला, बोलते काय.

२० फेब्रुवारी
लेक हल्ली मामाकडे जाते, त्याच्या कॉम्प्युटरवर काम करायला. जेवूनच येते. तात्पुरतं आहे. पण तिची खोली अंधारी दिसली की घर खायला उठतं.

९ मार्च
नवा प्रोसेसर आला. मदरबोर्डवर बसेना. नव्या आवृत्तीची बैठकच वेगळी म्हणे! निदान सांगायचं तरी. थोडा जोर लावला. कर्र झालं. असा आवाज होतोच, असं स्वतःला सांगितलं.

१० मार्च
बैठकीतल्या पिना वाकल्यात. केसाएवढ्या बारीक. बायकोच्या भुवयांच्या चिमट्याने सरळ करत बसलो. चिमटा सारखा घसरतो. चहाचा परिणाम. उद्यापासून चहा बंद.

११ मार्च
चहा घेतला. पिन तुटली.

२२ मार्च
दुसरा मदरबोर्ड. या वेळी बैठक पाहून घेतला, आपण चुकांतून शिकतो. सगळं जोडलं, बटण दाबलं, पंखे गरागरा फिरले! बायकोला हाक मारली. ती आली. आम्ही दोघं काळ्या स्क्रीनसमोर बराच वेळ उभे. या प्रोसेसरला चित्र दाखवताच येत नाही, ग्राफिक्स कार्ड वेगळं लागतं. नावाच्या शेवटी एफ असेल तर तसं असतं. मला वाटलं, एफ म्हणजे फास्ट. बायको म्हणाली, कणीक मळायचीय, जाऊ का? फार दमलोय.

२९ मार्च
लेकीने प्रोजेक्ट दिला. मामाकडेच पूर्ण केला. परीक्षकांनी जिन्याचं कौतुक केलं म्हणे. आनंद झाला. खरंच झाला. पण रात्री जेवण गेलं नाही. हवा बदललीय.

६ एप्रिल
कार्ड आणलं. बसवलं. स्क्रीन लागला! लेकीला ओढतच आणलं. तिने सगळं नीट पाहिलं, निळ्या दिव्यांना छान म्हणाली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग सांगितलं, तिला नोकरी लागलीय, कॉम्प्युटर तेच देणार आहेत. आणि विचारलं, बाबा, तुम्ही तुमच्या कॉम्प्युटरवर काय करणार?
तुमच्या म्हणाली. जानेवारीत तो तिचा होता.
बघू, म्हणालो. ती गेल्यावर पत्त्यांचा डाव मांडला. काय वेग आहे! लगेच हरलो.