माटोळीवरचं तांबडं पिल्लू

कोरगाव, पेडणे
२ जून २०२४

चि. गौरवी हिला दत्तूमामाचे भरभरून आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुमच्या त्या जंगलातल्या केंद्रावर फोन लागत नाही, पण टपालाचं विमान मात्र दर आठवड्याला उतरतं, हे आमच्या पोस्टमनला अजून खरं वाटत नाही.

ज्या हिरव्या अजगरांच्या अभ्यासासाठी तू ऑस्ट्रेलियाच्या टोकाला जाऊन बसलीस, ते आता आपल्या मागच्या पडवीत आहेत. तेरेखोलला बंगला बांधून राहिलेले एक गृहस्थ कायमचे परदेशी निघाले. त्यांच्याकडे या झाडअजगरांची जोडी होती, वनखात्यात रीतसर नोंदवलेली. मी जन्मभर गाई-म्हशी तपासलेला माणूस, पण सापाला हात लावणारा दुसरा डॉक्टर त्यांना जवळपास मिळेना. परवानगी झाली आणि जोडी माझ्या नावावर आली. पाडव्याच्या सुमारास मादीने अंडी घातली, त्यांना वेटोळं घालून ती हटून बसली, आणि गेल्या आठवड्यात अकरा पिल्लं बाहेर आली. त्यातली सात हळदीसारखी पिवळी आणि चार विटकरी तांबडी. आईबाप दोघेही हिरवेगार! यात दुसऱ्या जातीची भेसळ असेल का? तांबडी वेगळी ठेवू का? आणि ही हिरवी होणार तरी कधी?

तुझ्या आईची, आमच्या बायची, प्रकृती ठीक आहे. तुझे बाबा, रघुनाथभावोजी, काजूच्या भाटात फुरसं चावून गेले, तेव्हापासून बायला सापाचं नावही चालत नाही हे तू जाणतेसच. पेट्या आल्या त्या दिवशी तिने मला बजावलं की ही जनावरं घरात असेपर्यंत मी पडवीत पाऊल ठेवणार नाही. विहिरीवर जायला ती आता अख्ख्या घराला वळसा घालते. तू शहरात आलीस की फोन करतेस, तो ती अजूनही न बोलता माझ्या हातात देते. मी समजावणं सोडून दिलंय.

सवड काढून उत्तर लिही, आणि म्हाताऱ्या मामावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दत्तप्रसादमामा


केप यॉर्क
१ जुलै २०२४

ती. दत्तूमामांना गौरवीचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी एकटीच हसत बसले. इथे एक पिल्लू दिसावं म्हणून आम्ही आठवडे घालवतो, आणि तुमच्याकडे अकरा!

भेसळ काही नाही. एकाच मादीच्या एकाच वेळच्या अंड्यांतून पिवळी आणि तांबडी दोन्ही निघू शकतात. मी इथे रानात पाहिलेली सगळी पिल्लं पिवळी आहेत. न्यू गिनीच्या काही भागांत मात्र दोन्ही रंग सापडतात. तेव्हा तुमच्या जोडीचं मूळ बहुधा तिकडचं. मोठी झाली की दोन्ही हिरवी होतात. रानात हे साधारण वर्षाच्या आसपास घडतं. पेटीतल्यांचा नेम नाही. कुणी लवकर बदलतं, कुणी रेंगाळतं, आणि क्वचित एखादं पिवळंच राहतं.

रंगाचं कारण सोपं आहे. पिल्लं जंगलाच्या कडेला, उन्हात, जमिनीपासून थोड्याच उंचीवर शिकार करतात. तिथल्या वाळक्या पानांत पिवळा आणि तांबडा रंग पक्ष्यांच्या नजरेतून निसटतो. मोठे साप वर दाट पानांत राहतात, तिथे हिरवा रंग उपयोगी पडतो. तरी प्रत्येक वेळी साधतं असं नाही. गेल्या आठवड्यात आम्ही खूण केलेलं एक पिवळं पिल्लू काळ्या पक्ष्याने माझ्या डोळ्यांदेखत उचललं. मी वेळ आणि जागा टिपली आणि डबा खाल्ला.

पिल्लं एकेकटी ठेवा, आणि एखाद्याने खाण्यावरून मान फिरवली, तरी रोज पुढे धरू नका. आईला माझा नमस्कार सांगा. ती ऐकून घेणार नाही, तरी सांगा.

तुमच्या पत्रांची वाट पाहते, लिहिण्यात खंड पडू देऊ नका.

तुमची,
गौरवी


कोरगाव
११ सप्टेंबर २०२४

चि. गौरवी हिला मामाचे आशीर्वाद.

यंदा चवथ नीट पार पडली असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

चवथीच्या आदल्या दिवशी गणपतीच्या डोक्यावर फळापानांची माटोळी बांधत होतो. मी स्टुलावर, मामी खालून फळं देत होती, आणि तुझी आई सुपाऱ्यांचे घोस सुतळीला गाठवत होती. कवंडळं, तोरिंगण, कांगलां ही रानातली फळं, आंब्याचे टाळे, सगळं चढलं होतं. बाय घोस वर द्यायला उठली आणि थबकली. तिने मला हळूच सांगितलं की दत्तू, हलू नको, तुझ्या हाताशी फुरसं आहे. मी पाहिलं तर कवंडळांच्या मधल्या डहाळीवर तांबडं पिल्लू वेटोळं घालून बसलेलं. पेटीच्या जाळीचा कोपरा सुटला होता, तो मला दिसायला हवा होता. मी ओरडलो की बाय, मारू नको, ते आपलं आहे. पण तोवर तिने कोपऱ्यातली काठी उचलून डहाळी खाली ओढली होती आणि दोन घाव घातले होते.

मग ते काय होतं हे मी तिला सांगितलं. विष नसलेलं, जेमतेम तीन महिन्यांचं. तिने फरशी पुसली, हात धुतले आणि नेवऱ्या तळायला बसली. गणपती विसर्जन होईपर्यंत ती कामापुरतंच बोलली. काल तिने मला एवढंच विचारलं की हे गौरवीला कळवणार का. मी हो म्हटलं. तिने मान हलवली.

तुला राग आला तर तो माझ्यावर काढ. तिच्या डोळ्यांपुढे माझा हात होता, आणि त्याच्याशेजारी फुरशाच्या रंगाचं, फुरशाएवढं काहीतरी.

जपून राहा, आणि आमच्याबद्दल मन गढूळ करू नकोस.

मामा


केप यॉर्क
६ ऑक्टोबर २०२४

ती. मामांना सा. नमस्कार.

पत्र धावपट्टीवरच उघडलं, उभ्यानेच वाचलं. हे पत्र आईच्या हातात द्या. वाचून दाखवू नका, तिचं तिला वाचू द्या.

राग आला नाही असं मी लिहिणार नाही. दिवसभर वाईट वाटलं. पण आईने केलं ते त्या क्षणी बरोबर होतं. माटोळीत विटकरी रंगाचा वीतभर साप दिसल्यावर तो विषारी नाही असं धरून चालायचं कुणी? मी तिथे असते तर वाकून निरखलं असतं, कारण मला ते शिकवलंय. आणि ते खरंच फुरसं असतं, तर तेवढ्या वेळात मामांच्या हाताचं काय झालं असतं?

बाबा गेले तेव्हा मी आठवीत होते. अंगणात वीस माणसं जमली होती. कुणी म्हणालं घोणस, कुणी फुरसं, कुणी म्हणालं बिनविषारी आहे, गाडी कशाला. सापाबद्दल खात्रीने सांगणारं एकही माणूस तिथे नव्हतं. गाडी आली तोवर उशीर झाला होता. मला तेव्हा वाटलं की असं माणूस आपण व्हावं. मी सापांवर प्रेम करायला गेले असं आईला वाटतं. तसं नव्हतं. प्रेम नंतर बसलं. हे मी निघतानाच तिला सांगायला हवं होतं. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही, आणि मीही आत गेले नाही.

आई, उरलेली तीन तांबडी जगली तर हिरवी होतील. जमलं तर बघ. नाही जमलं तरी चालेल.

दोघांच्या मायेची भुकेली,
गौरवी


कोरगाव
१६ फेब्रुवारी २०२५

चि. गौरवी हिला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तिने दोनदा वाचलं आणि कपड्यांच्या कपाटात ठेवलं. आठवडाभर काही नाही. मग एका सकाळी मी पेट्या पुसत असताना बघतो तर ही पडवीच्या दारात. तिने विचारलं की तांबडी कुठली. मी दाखवली. तिथूनच पाहून ती परत गेली.

आता रोज येते. उंबऱ्यापासून पेटीपर्यंत यायला तिला नाताळ उजाडला. पिवळ्यांपैकी तीन पुरती हिरवी झाली. एकाचं तर पंधरवड्यात झालं. तांबड्यांतलं एक काही केल्या खाईना, ते गेलं. ते खात नाही हे तिनेच मला आधी सांगितलं होतं.

पुढचं मी लिहीत नाही. ती म्हणाली की लिहू नको, मी लिहीन.

आमची आठवण धरून राहा.

मामा


कोरगाव
८ जून २०२५

चि. गौरवी, आईचा तुला आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. अक्षर लागेल तसं वाच.

तांबड्यांतलं एक हिरवं झालं. पहिल्यांदा पाठीवर काळपट रेघ आली. मला वाटलं आजारी पडलं, तर दत्तू म्हणाला थांब. मग बाजूने हिरवे ठिपके उठले, जांभ्याच्या गडग्यावर शेवाळ चढतं तसे. पोटाकडे तांबडा रंग बरेच दिवस राहिला. परवा तोही गेला. दुसरं अजून तांबडंच आहे. त्याला घाई नाही.

माझी भीती गेली असं समजू नको. पेटीला हात लावत नाही आणि लावणारही नाही. भाटात जाताना अजून काठी आपटत जाते. तुझ्या बाबांना चावलं ती जागा आली की पाय उचलत नाही. पण तू तिकडे कशाला गेलीस ते मला आता समजतं. त्या दिवशी अंगणात सगळी बोलत होती, आणि कुणाचं ऐकू ते मला कळत नव्हतं.

त्या पक्ष्याने पिल्लू नेल्यावर तू डबा खाल्लास म्हणे. मीही नेवऱ्या तळल्या. ते दत्तूला विचित्र वाटलं. मला वाटत नाही.

चवथीला सुट्टी मिळते का बघ. यंदा फोन आला तर मी घेईन, पण फोनवर मला बोलता येत नाही, म्हणून आधी लिहिते. एक तांबडं मी मारलं. दुसरं हिरवं होताना मी पाहिलं. पहिलं तुला दत्तूने कळवलं. तेही मीच कळवायला हवं होतं.

जेवणखाण सांभाळ. आईला दूर करू नको.

तुझी,
आई