घाटाचा नवा नाना

सोमवार, ४ मार्च १९७४. सकाळचे सव्वासहा. घाटावरच्या कचेरीच्या पायरीवर बसून बुटांचा चिखल काडीने काढतो आहे. एक बूट झाला, दुसऱ्याआधी हे लिहून घेतो.

नोकरी पक्की झाली! न्सुआनो घाटाचा तिकीट-कारकून. गावाच्या तीन बाजूंना नदी आणि चौथीकडे दलदल, त्यामुळे जायचं-यायचं ते होडीनेच. काल येताना होडी मध्यावर अडली. बायका हसून म्हणाल्या, नाना झोपले वाटतं. मग घाटाचे वडीलधारे ओपानिन बाडू उठले, पाण्यात जिनची दारू ओतून मेलेल्या नानांना हाका मारू लागले, तेव्हा कुठे ती हलली. तिला वल्ही नाहीत, इंजीन नाही. त्याचं मला नवल वाटलं नाही. आमच्या गावी मक्याची गिरणी माझ्या मेलेल्या चुलत आजोबांना हाक मारली की फिरते. मास्तर सांगायचे, मेलेल्याला जितकी तोंडं मनापासून हाक मारतील, तितका त्याला जोर.

राहायची सोय एनो सेरवा या कुंभारणीकडे आहे. तिने नाव विचारलं. मी खाली बघत डोंकोर म्हणून सांगितलं. माझ्या आधीची तीन भावंडं गेली, म्हणून आईने मृत्यूलाही किळस यावी असं गुलामाचं नाव मला ठेवलं. शाळेत त्यावरून फार चिडवायचे. एनो सेरवा म्हणाली, शर्टाची घडी बघा आणि नाव बघा! टाक ते उकिरड्यावर. बटणं मोजून लावतोस, चालतोस म्हाताऱ्यासारखा, मी आपली तुला नानाच म्हणणार. सगळं अंगण हसलं. आमच्याकडे म्हाताऱ्यांना, गावच्या प्रमुखांना आणि मेलेल्यांना नाना म्हणतात. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नाव सांगून लाज वाटली नाही.

रविवार, १७ मार्च.

गावाने मला आपलंसं केलं आहे. आता डोंकोर कुणीच म्हणत नाही. बाजारातल्या बायकांना माझी चाल, माझा भांग, डाव्या मनगटावरचा तीळ, सगळं पाठ आहे. एकीने तिकिटाच्या खिडकीशी येऊन तीळ नीट पाहू दे म्हणून हात ओढला. दुसरी म्हणाली, अगं सोड, लग्न ठरवतेस की बैल घेतेस?

एनो सेरवा माझं मातीचं डोकं घडवते आहे. कान अगदी माझे आले आहेत. मी विचारलं, असली डोकी मेलेल्यांची करतात ना? ती म्हणाली, मेल्यावर तोंड सुजतं रे बाबा, काही ओळखू येत नाही. आधी केलेलं बरं. आणि खो खो हसली. मीही हसलो. भाजल्यावर दुकानात ठेवणार असेल.

मंगळवार, २ एप्रिल.

जेवणाला चव नाही. आठवडाभर हेच चाललं आहे. उकडून कुस्करलेला कंद आणि वर अख्खं अंडं, पण मिठाचा कण नाही. मला वाटलं, ती विसरते. आज मागितलं, तर म्हणाली मीठ संपलं. ओपानिन बाडू शेजारीच जेवत होते. त्यांच्या वाडग्यात बोट बुडवून चाखलं. मीठ होतं, चांगलं सढळ होतं. त्यांनी वाडगा बाजूला ओढला, पण रागावले नाहीत.

अळणी कंद आणि अंडं आम्ही कुणाला वाढतो, ते मला ठाऊक आहे. लिहीत नाही.

तिकीट घेताना पुरुष खांद्यावरचं कापड कमरेपर्यंत उतरवतात, चपला काढतात, गावच्या प्रमुखापुढे करतात तसं. कारकुनापुढे? होडी मात्र आता झरझर जाते. लोक खूश आहेत.

मंगळवार, ९ एप्रिल.

सगळं कळलं. नीट लिहितो.

पहाटे बाडू घाटावर पाण्यात जिन ओतत होते. मी लाकडाच्या ढिगाआडून ऐकलं. जुन्या नानांचं नाव त्यांनी घेतलंच नाही. म्हणाले, नाना ये, डाव्या मनगटावर तीळ असलेल्या, बटणं मोजणाऱ्या, ये आणि ढकल. मागे पन्नासेक माणसं 'ये, ये' म्हणत होती. त्यांत एनो सेरवा होती. रोज मला केळी देणारी म्हातारी होती.

मी पुढे होऊन ओरडलो. बाडूंनी मला शेजारी बसवलं आणि आजोबा नातवाला समजावतात तसं समजावलं. जुना नाना झिजला आहे. त्याचं तोंड पाहिलेली शेवटची बाई जानेवारीत वारली. न पाहिलेल्या माणसाला लोक तोंडाने हाक मारतात, मनाने मारत नाहीत. त्यानंतर दोन होड्या बुडाल्या, लेकरांसकट. कुणीतरी लागणारच. गावातलं कुणी घेतलं, तर त्याची आई घरात रडत बसणार, त्याला जिवंतच धरून चालणार, मग तो कामाचा नाही. तू बाहेरचा. टापटीप. लक्षात राहण्यासारखा.

मी म्हणालो, मारणार मला?

ते दुखावले. म्हणाले, छे छे, आम्ही कुणाला मारत नाही. आम्ही फक्त रोज हाक मारणार.

शुक्रवार, १२ एप्रिल.

पळायला होडीत बसलो. कुणी अडवलं नाही, उलट जागा करून दिली. पलीकडचा काठ आला. सगळे उतरले. माझा पाय काही केल्या फळीवरून उठेना. उतरणारे वळून वळून म्हणाले, उपकार झाले नाना, आज पाणीसुद्धा उडालं नाही.

होडी मला घेऊन परत आली. आता दंड भरून आले आहेत. तळव्यांना नदीच्या तळच्या गाळाचा वास येतो. मी दिवसभर नुसता बसलो होतो.

सोमवार, १५ एप्रिल.

लोकांनी माझा तिरस्कार करावा म्हणून सुट्टे पैसे नदीत फेकले. केळीवाल्या म्हातारीला हडळ म्हणालो. ती पाया पडली. दुपारी दोन अंडी आली. नाना रागावलेत म्हणे.

एकच मार्ग उरला आहे. आई. मी जिवंत आहे असं तिला वाटतं, तोवर काहीतरी शिल्लक आहे. तिने येऊन डोंकोर म्हणून हाक मारावी आणि स्वतःच्या हाताने मिठाचा घास भरवावा; मीठ फक्त जिवंत माणसं खातात. कंद विकायला आलेल्या परगावच्या माणसाबरोबर निरोप धाडला. त्याने मान हलवली. ऐकलं का त्याने? त्याची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे होती.

शनिवार, २० एप्रिल.

आज बाजारात प्रत्येकाला नमस्कार केला. एकानेही उत्तर दिलं नाही. खिडकीशी येऊन नवस बोलतात — मूल होऊ दे, नवरा शहरातून परत येऊ दे — बोलतात आणि जातात.

पाऊस पडला. शर्ट कोरडा.

मंगळवार, २३ एप्रिल.

भूक नाही. अंडं समोर आलं की हात आपोआप — नको — आपोआप घेतो.

बाडूंचा माणूस आईकडे आधीच पोचला होता. डोंकोर नदीत बुडाला, प्रेत मिळालं नाही, असं सांगून आला. बाडूंनीच येऊन सांगितलं. मला अंधारात ठेवणं बरं नाही म्हणाले.

शनिवार, २७ एप्रिल.

आई आली. अंगावर सुतकाचं लाल कापड. डोकं भादरलेलं.

मी धावलो. आई, मी डोंकोर, तुझा डोंकोर, म्हणून ओरडलो. ती थांबली. मान वळवायला लागली — मी पाहिलं, वळवायला लागली होती —

एनो सेरवाने तिचा हात धरला. प्रेमाने म्हणाली, ओ देऊ नकोस बाई, मेलेल्याला जो ओ देतो तो बरोबर जातो.

आईने दोन्ही कानांत बोटं घातली. मोठ्याने रडायला लागली, माझा आवाज बुडेल इतक्या मोठ्याने. मातीच्या डोक्यापुढे जाऊन बसली. त्या डोक्याला माझ्या लहानपणच्या गोष्टी सांगते आहे.

मी तिच्या मागेच उभा आहे. तिच्या पाठीला हात लावला. तिने कापड घट्ट ओढून घेतलं, थंडी वाजल्यासारखं.

रविवार, २८ एप्रिल.

भोंग्यावरून उत्तरकार्याचा हिशोब वाचतायत. आमच्याकडे सगळ्यांसमोर वाचतात. उतरवून घेतो. हात — अजून अक्षर बरं येतं —

पेटी, रिकामी : ४८ सेडी
जिन : २२ सेडी
मेंढा : ३० सेडी
भोंगा आणि खुर्च्या : २५ सेडी
मातीचं डोकं : १५ सेडी
एकूण खर्च : १४० सेडी

लोकांनी दिले : ९७ सेडी
आईने दिले : ६ सेडी. कापडाच्या गाठीतून सोडले. सगळे एवढेच होते.
बाकी देणं : ३७ सेडी. आईच्या नावावर. तिने अंगठा उठवला.

आईचं परतीचं होडीभाडं : माफ. बाडू हाक मारतायत, नाना ये, ढकल. ती फळीवर बसली. मला उठून तिला —