शहाण्याची परवानगी

प्रिय शहाण्या,

या नावाने हाक मारायचा मान बाबांचा, आज मी उसना घेते. आपल्या छपाईच्या दुकानातला कॉम्प्युटर अखेर गळ्यापर्यंत भरला. कुठलंही काम उघडलं की 'जागा शिल्लक नाही' अशी पाटी येते आणि गिऱ्हाईक समोर बसून घड्याळाकडे बघतं. शाळेचं मोठं काम अर्ध्यात अडकलं, ते समोरच्या दुकानात गेलं. परत येईल असं वाटत नाही.

जागा खाल्लीय जुन्या सिस्टिमने. जहाजावर जायच्या आधी तू नवी टाकलीस, जुनी एका फोल्डरमध्ये तशीच ठेवलीस आणि म्हणालास, आल्यावर काढतो. मी काढायला गेले तर पडद्यावर पाटी: 'हा फोल्डर काढण्यासाठी शहाणा यांची परवानगी आवश्यक आहे.' तुझंच कुलूप. बाबांनी साफसफाईच्या नावाखाली निम्मे फॉन्ट उडवले होते ना, तेव्हा लावलेलं. 'अतिशहाणा कुठला' म्हणून ते ओरडले, तर तू त्यातलं 'अति' गाळून कॉम्प्युटरवर स्वतःला तेच नाव दिलंस. पाटी पहिल्यांदा आली तेव्हा बाबा काय फणकारले होते, म्हणे आता बापाने याला अहोजाहो करायचं! तू हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिलास.

दुरुस्तीवाला येऊन गेला. त्याच्या डाव्या हातचा मळ होता तो. मालकाच्या रकान्यातून तुझं नाव काढायचं, माझं घालायचं, झालं. तो करायला बसला तर बाबांनी त्याला चक्क उठवलं, चहा न देता वाटेला लावलं. बाबांनी! शत्रू आला तरी आधी चहा ठेवायला सांगणारा माणूस.

मग माझ्या लक्षात आलं. सकाळी मी झाडत असते तेव्हा ते कॉम्प्युटरपाशी बसतात. मला वाटायचं, बातम्या वाचतात. ते तो फोल्डर निवडून डिलीट दाबतात. पाटी आली की नीट वाचतात, चष्मा पुसतात आणि बंद करतात. मी हटकलं तर म्हणाले, रोज विचारतो त्याला, रोज नाही म्हणतो. नाही म्हणायला माणूस कुठेतरी असावा लागतो ना? तुझं जहाज बुडालं त्याला आता तीन वर्षं होतील. बाकीचे सगळे किनाऱ्याला लागले, कुणी जिवंत, कुणाचे नुसते देह. तू तेवढा नाहीस. कंपनीने शोध थांबवला. आई आता निजताना दाराला कडी लावते. मीही आशा सोडली, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. बाबांकडे मात्र ती पाटी होती.

काल कॉम्प्युटर सारखा बंद पडायला लागला, तेव्हा तेच म्हणाले, कर. मी तुझं नाव काढलं, माझं घातलं आणि डिलीट दाबलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते पाटीची वाट बघत उभे होते. पाटी आली नाही. फोल्डर मुकाट्याने गेला. त्यांनी हळूच विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, हो म्हणाला. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, म्हणजे गेला. आणि काउंटरमागे जाऊन बसले.

आज सकाळी मी झाडत होते, पण ते कॉम्प्युटरकडे फिरकले नाहीत. कागदांच्या गठ्ठ्यावर हात ठेवून नुसते बसून होते. ते बघवेना म्हणून हे लिहितेय. पाकिटावर घालायला पत्ता नाही, ठाऊक आहे मला. पण तुझं 'हो' मी परस्पर सांगून टाकलं, तुला न विचारता. आता विचारते. काढू का रे तुझं नाव? नाही म्हण. अंगावर ओरड, भांड, पण एकदा नाही म्हण.

तुझीच,
ताई