दोनशे चौदावं नाव

लिमा, १२ ऑगस्ट

आई, तुझ्या दोन्ही हातांचा इथूनच मुका घेते.

मी बरी आहे, खोकला थांबलाय. तुझा गुडघा कसा आहे? बटाटे काढून झाले का?

माझं काम काय, विचारलं होतंस. बेपत्ता माणसांची यादी संगणकात आहे. मी संगणकाच्या ‘आर’ नावाच्या भाषेत लूप लिहिते, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायचा हुकूम. तू जपमाळेचा एकेक मणी ओढतेस ना, तसा तो एकेका नावापाशी जातो आणि सापडलेल्या हाडांशी काही जुळतंय का पाहतो.

आपला सातुर्निनोदादा यादीत दोनशे चौदावा. लूप तिथेच अडतो. अर्जात मृत्यूच्या तारखेची जागा तू रिकामी ठेवलीस. बाकीच्या घरांनी तिथे, आपल्या माणसाला सैनिकांनी नेलं तो दिवस लिहिलाय.

कामावर शेजारी बसणारा विल्बेर म्हणाला, “अगं, एक ओळ घाल की! रिकामं दिसलं तर पुढे जा म्हणावं.”

घातली. लूप सुरळीत शेवटपर्यंत गेला. निकालात दादाचं नावच नव्हतं. या खेपेला त्याला मीच नाहीसं केलं होतं.

ती ओळ मी खोडली. आता लूप रोज दादापाशी येऊन थांबतो, आणि मला उगाच मागे वळून दाराकडे बघावंसं वाटतं.

पण त्याच्या मागे नव्वद नावं खोळंबलीत. त्यांच्या आयाही तुझ्यासारखंच न परतलेल्या लेकासाठी रोज ताट मांडत असतील.

दादाला नेलं ती तारीख कागदावर लिहून बसवाल्याकडे दे, आई. ती भरताना माझा हात तू धरला आहेस असं समजेन.

तुझीच,
नेलिदा