सहा आठवड्यांचं इन्सुलिन

मी, हेडली जॉर्ज ड्रूरी, वय वर्षे पंचाहत्तर, पूर्वी ट्रॉलरवर खलाशी आणि नंतर गोदीत मासे कापणारा, राहणार ग्रिम्सबी, इंग्लंड, हे मृत्युपत्र माझ्या घरी पुढच्या खोलीत बसून स्वतःच्या हातानं लिहितो आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, पण झडपेनं कोणी मृत्युपत्र लिहीत नाही. माझ्यावर कोणाचं दडपण नाही, मला कोणी भुलवलेलं नाही. (२०१६ च्या मतदानात भुलवलं होतं का, याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत.) याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

वकीलबाईंनी एका पानाचा मसुदा करून दिला होता. म्हणाल्या, "ड्रूरी, एवढं पुरे. कारणं लिहायची गरज नसते." मी म्हटलं, "बाई, तीन वर्षं या देशात गरज नसलेलं सगळं बोलून झालं, आणि गरजेचं कोणी बोललं नाही. माझी चार पानं जास्त झाली तर काय बिघडतं?" त्यांनी हात टेकले.

कलम पहिलं. माझं राहतं घर, मागच्या अंगणासह आणि शेडसह, माझी एकुलती मुलगी लॉरेन हिला द्यावं. त्याला कसलीही अट नाही. तिनं त्यात राहिलंच पाहिजे असं नाही. आठवण म्हणून सांभाळू नये. अट का नाही, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

१९७६ साली मी तेहतीस वर्षांचा होतो आणि आमची बोट आइसलँडच्या समुद्रात होती. आपल्या समुद्रात मासे धरू द्यायचे नाहीत म्हणून तिथले लोक आमची जाळी कापत होते, आमच्या नौदलाची जहाजं मध्ये पडत होती. त्या उन्हाळ्यात तो समुद्र आमच्या हातून कायमचा गेला. त्याच वर्षी, मी समुद्रावर असताना, नऊ वर्षांची लॉरेन शाळेत सारखं पाणी मागायला लागली आणि तिला मधुमेह निघाला. मी घरी आलो तेव्हा माझी बायको मॉरीन, देव तिला शांती देवो, पोरीच्या मांडीत सुई टोचत होती. मी दारात पिशवी घेऊन उभा. लॉरेन म्हणाली, "बाबा, दुखत नाही फार."

एका वर्षात दोन गोष्टी झाल्या. त्यातल्या पहिलीचा शोक मी चाळीस वर्षं मोठ्यानं केला. दुसरीचं सगळं मॉरीनवर सोडलं.

पुढे घरच्या समुद्रातल्या माशांचेही कोटे ब्रसेल्समधून, युरोपीय संघाच्या कचेरीतून, ठरले, बोटी भंगारात गेल्या, आणि मी गोदीत चाकू हातात घेतला. त्यामुळे २०१६ साली युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं याची मतपत्रिका समोर आली तेव्हा मला विचार करावा लागला नाही. बाहेर पडा, अशी खूण केली. लॉरेननं राहा, अशी केली. ती मला म्हणायची, "बाबा, तुम्ही आइसलँडचा राग ब्रसेल्सवर काढलात. वड्याचं तेल वांग्यावर." मी म्हणायचो, "वांगंही काही साधं नव्हतं." दोन वर्षं आम्ही असं हसण्यावारी नेलं.

कलम दुसरं. बँकेतली शिल्लक अंत्यविधीचा खर्च जाऊन लॉरेनलाच द्यावी. अंत्यविधीला सँडविच द्यावीत. भाषणं नकोत.

कलम तिसरं. माझे मासे कापायचे पाच चाकू आणि धार लावायची कांब मी जिथे काम केलं त्या कारखान्यात द्यावी. ज्याचा किंवा जिचा हात सगळ्यात चपळ असेल त्याच्या हवाली करावी. कुठे जन्मलात, असं विचारू नये. मी विचारायचो.

कलम चौथं. आमच्या खासदारांना मी पाठवलेल्या अकरा पत्रांच्या नकला आणि त्यांच्या कचेरीची अकरा उत्तरं मॉरीनच्या शिवणाच्या खोक्यात आहेत. ती खासदारांना परत करावीत. खासदार बदलले असतील तर नव्यांना द्यावीत, काही फरक पडणार नाही. अकराही पत्रांत मी एकच प्रश्न विचारला होता. तो मला कसा पडला ते सांगतो.

गेल्या सप्टेंबरातल्या एका रविवारी लॉरेन नेहमीसारखी जेवायला आली. ती शेजारच्या क्लीथॉर्प्स गावी एकटी राहते, तिथल्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. त्या दिवशी तिनं ताटाला हात लावला नाही.

"बाबा, माझं इन्सुलिन सगळं बाहेरून येतं," ती म्हणाली. "करार न होता बाहेर पडलो तर बंदरं तुंबतील. सरकारनं कंपन्यांना सहा आठवड्यांचा साठा करायला सांगितलाय. सहाच."

"पेपरवाल्यांना काय, काहीतरी छापायचं असतं."

"हे पेपरवाल्यांनी नाही, सरकारनं सांगितलंय. तुम्ही मत दिलंत तेव्हा माझा विचार आला होता का मनात? एकदा तरी?"

खरं उत्तर होतं, नाही. ते मला देता आलं नाही. म्हणून मी म्हटलं, "मत देशासाठी देतात. एका माणसासाठी देत नाहीत."

ती उठली, कोट घातला आणि गेली. पुढचे पाच महिने ती या घरात आली नाही. फोन केला तर "बरी आहे" एवढंच.

मी हट्टी आहे, पण दगड नाही. दुसऱ्याच दिवशी आमच्या कोपऱ्यावरचे औषधवाले रोलंड प्रिजन यांच्याकडे गेलो. म्हटलं, लॉरेनसाठी जास्तीचं इन्सुलिन द्या, पैसे मी भरतो.

"काका, असं देता येत नाही," प्रिजन म्हणाले. "ते तिच्याच नावावर, ठरल्याएवढंच मिळतं. आणि रोग्यांनी घरी साठा करू नये अशी वरून सूचना आहे."

"कंपन्यांनी करायचा आणि रोग्यांनी नाही?"

"हो."

"आणि सहा आठवड्यांच्या पुढे काय?"

"मला जेवढं कळवलंय तेवढं मी तुम्हाला सांगितलं. रोज वीस माणसं हेच विचारतात. कोणाला फिट्सच्या गोळ्या, कोणाला दम्याचं औषध. मी रोज वीस वेळा तोंडघशी पडतो."

मग खासदारांच्या भेटीच्या दिवशी गावातल्या सभागृहात दोन तास रांगेत बसलो. खासदार म्हणाले, सर्व परिस्थितींची तयारी चालू आहे. मी म्हटलं, "किती आठवड्यांची, तो आकडा सांगा." ते म्हणाले, तयारी भक्कम आहे. मी म्हटलं, "भक्कम हा आकडा नाही." पुढच्या बाईचं नाव पुकारलं गेलं. मग मी तोच आकडा विचारत पत्रं लिहायला लागलो. गेल्या बुधवारी संसदेत याच खासदार लोकांपुढे पुढे काय करायचं याचे आठ पर्याय ठेवले होते. त्यांनी आठही नाकारले. आमच्या कप्तानानं वादळात आठ दिशा विचारून आठही नाकारल्या असत्या, तर आम्ही त्याला बटाटे सोलायला बसवलं असतं आणि सुकाणू खानसाम्याकडे दिलं असतं.

कलम पाचवं. शेडमधला छोटा फ्रीज नॉर्मन बोरिल याला द्यावा. नॉर्मन आणि मी एकाच बोटीवर चौदा वर्षं होतो. तो फ्रीज मी ऑक्टोबरात इन्सुलिन ठेवायला घेतला. ठेवायला इन्सुलिन मिळालं नाही, तरी चालूच ठेवला, दिवा लागतो का ते रोज उघडून बघत होतो. क्लबात ही गोष्ट सांगितली तर नॉर्मन पिता पिता म्हणाला, "अरे, घाबरवतात रे आपल्याला. आपण डगमगावं म्हणून. आणि तुझी लॉरेन पहिल्यापासूनच जरा नाटकी."

मी ग्लास तसाच ठेवून निघालो. तेव्हापासून आम्ही वेगवेगळ्या टेबलांवर बसतो. हातून गेलेल्या समुद्राच्या रागानं नॉर्मननं मत दिलं, तसंच मीही दिलं होतं, म्हणून त्याचं बोलणं जास्त झोंबलं.

फेब्रुवारीत, एका मंगळवारी दुपारी, शाळेतून फोन आला. लॉरेन भांडी घासता घासता खाली पडली होती. मी बस पकडून इस्पितळात पोचलो तेव्हा तिच्या दोन्ही हातांना नळ्या लावल्या होत्या. श्वास धावल्यासारखा चालला होता, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता. डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ही इन्सुलिन पूर्ण घेते ना?" मी म्हटलं, "त्रेचाळीस वर्षं एक सुई चुकवली नाही तिनं." बाईंनी परत तिच्या रक्तातल्या साखरेचा आकडा पाहिला.

तिसऱ्या दिवशी तिचं तिनंच सांगितलं.

"बाबा, मी रोज थोडं कमी घेत होते. ऑगस्टपासून. उरलेलं फ्रीजमध्ये ठेवत होते, लोण्याच्या मागे."

"किती साठलं?"

"सहा आठवड्यांचं. सरकारचं सहा, माझं सहा. बारा झाले ना?"

"आणि बाराच्या पुढे?"

"पुढचं कोणाला माहीत आहे? तुम्हाला आहे?"

नव्हतं. घरी मॉरीनच्या शिवणाच्या खोक्यात खासदारांच्या उत्तरांचा गठ्ठा होता, त्यातही नव्हतं. बावन्न वर्षांची माझी पोर पुढे जगायला मिळावं म्हणून आज थोडं थोडं मरत होती, आणि त्याला 'तयारी' म्हणत होती. टीव्हीवरही रोज हाच शब्द चालला होता.

मी म्हटलं, "लॉरेन, त्या रविवारचं माझं वाक्य चुकलं."

"कुठलं?"

"एका माणसासाठी देत नाहीत, ते."

तिनं मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "म्हणजे मत तसंच आहे."

"मताचं मला अजून कळत नाही. वाक्याचं कळतं."

"बरं," ती म्हणाली. "वाक्य तर वाक्य. पाणी द्या."

मला खोटं बोलून तिला खूश करता आलं असतं, पण तिला ते लगेच कळलं असतं. आजही मला कोणी विचारलं की पुन्हा मत द्यायची वेळ आली तर, तर मी सांगतो, आधी मला आकडा द्या. बाहेर पडा म्हणत ज्यांनी मला प्रचाराच्या बसवर, भिंतीवर, पेपरात इतके आकडे दाखवले त्यांच्याकडे हा एक नव्हता. राहा म्हणणाऱ्यांकडेही नव्हता, त्यांनी नुसती भीती दाखवली, आणि भीतीला आम्ही समुद्रावरची माणसं हसतो. दोघांनीही आम्हाला लहान मुलं समजलं. माझा राग दोघांवर आहे आणि तो मी कोणाच्या नावे करत नाही, बरोबर घेऊन जातो.

नॉर्मन इस्पितळात आला होता, हे इथे नोंदवतो. द्राक्षं घेऊन आला, दाराशीच उभा राहिला आणि लॉरेनला म्हणाला, "पोरी, मी मूर्ख आहे." ती म्हणाली, "माहीत आहे, नॉर्मनकाका. बसा." म्हणून फ्रीज त्याला. त्यानं त्यात बिअर ठेवावी. मी त्याच्या टेबलावर परत कधी बसेन ते माझं मी ठरवीन.

कलम पहिल्याचा खुलासा. काल, २९ मार्चला, आम्ही बाहेर पडणार होतो. पडलो नाही. संसदेनं करार काल तिसऱ्यांदा फेटाळला. आता १२ एप्रिल म्हणतात, मग आणखी काही म्हणतील. मी तोवर असेन की नाही, सांगता येत नाही. म्हणून स्पष्ट लिहितो: लॉरेनला जर कधी औषधासाठी हा गाव किंवा हा देश सोडावासा वाटला, तर तिनं हे घर विकावं आणि जिथे इन्सुलिन मिळेल तिथे राहावं. देश बाहेर पडावा म्हणून मी खूण केली, ती माझी. तिला बाहेर पडावं लागलं तर या घराची कौलं तिच्या आड येऊ नयेत. बापाला काय वाटेल, याचा विचार करू नये. बापाला जे वाटतं ते इथे लिहिलं आहे.

कलम सहावं. मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. मी त्यांचा पुष्कळ वेळ खाल्ला, याची त्यांनी बिलात नोंद घेतलीच असेल.

आज सही करायला रोलंड प्रिजन आणि शेजारच्या एव्हरिल स्टँपबाई आल्या आहेत. ज्याला मिळकत मिळते त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं, म्हणून लॉरेन आत स्वयंपाकघरात आहे. हॅडॉक मासा तळते आहे. आज शनिवार, तरी ती रविवारचं जेवण आजच करते आहे. आम्हाला पाच महिन्यांचे रविवार भरून काढायचे आहेत. तिघं सहीला बसलो तेव्हा तिनं आतून हाक मारली, "बाबा, मी सुई घेते. पंधरा मिनिटांत पानं मांडते."

मी विचारलं, "किती घेतेस?"

तिला राग आला असावा. बावन्न वर्षांच्या बाईला परक्यांसमोर असं विचारू नये. पण तिनं सांगितलं, "चौदा युनिट."

मी प्रिजनकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, "जेवणाला तिचा ठरलेला आकडा तेवढाच आहे, काका. पूर्ण आहे."

मग मी पेन हातात घेतलं.

वर लिहिलेलं सर्व मी वाचून पाहिलं आहे, ते माझंच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष मी खाली सही करतो आहे.

ठिकाण: ग्रिम्सबी
तारीख: ३० मार्च २०१९, शनिवार

(सही) हेडली जॉर्ज ड्रूरी

आम्ही दोघांनी एकाच वेळी हजर राहून ही सही होताना पाहिली, आणि त्यांच्यासमोर आमच्या सह्या केल्या.

साक्षीदार १: (सही) रोलंड प्रिजन, औषधविक्रेता
साक्षीदार २: (सही) एव्हरिल स्टँप, शेजारी